चूल पेटेस्तोवरचं आवतण

आमची गल्ली जळाली तेव्हा मी शेतात गहू सोंगत होते. होळी नुकतीच होऊन गेली होती, ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. सोंगणीला मजूर मिळत नव्हते, म्हणून मी, नवरा आणि शेजारच्या दोघीजणी असे आम्हीच वावरात वाकलो होतो. गावाच्या बाजूला धूर दिसला. त्या दिवसांत धुराचं काही नवल नसतं. कोणी ना कोणी बांधा-धुऱ्यावरचा पालापाचोळा जाळतच असतं. पण हा धूर काळा होता आणि बघता बघता फुगत होता. नवऱ्यानं विळा तिथंच टाकला.

"आपल्याच गल्लीकडे दिसते वं!" एवढंच तो म्हणाला आणि पळत सुटला. त्याच्यामागं आम्ही.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालपासून थोडं आत. आमची गल्ली नाल्याच्या काठानं गेलेली. मातीच्या भिंती, वर टिनं, मागं गोठे, आणि गोठ्यांना लागून पऱ्हाटीचे ढीग. कापूस वेचून झाला की कपाशीची झाडं उपटून आणायची, वर्षभर चुलीत घालायची, ही आमच्याकडची रीत. त्या पऱ्हाटीलाच आग लागली होती. कशानं लागली ते आजपर्यंत कळलेलं नाही. वारा होता, एवढं खरं. वाऱ्यानं ती एका ढिगावरून दुसऱ्यावर नेली, मग गुरांच्या कुटारावर, मग घरांवर.

सगळी कर्ती माणसं वावरात. गल्लीत म्हातारी माणसं आणि पाळण्यातली लेकरं. पण तेव्हा शाळा सकाळची होती आणि नुकतीच सुटली होती. घरी निघालेल्या पोरांनी धूर पाहिला आणि दप्तरं नाल्याच्या पुलावर टाकून ती गल्लीत शिरली. त्यांनी म्हाताऱ्यांना हाताला धरून बाहेर काढलं, लेकरं उचलली, गोठ्यातली दावी सोडली. ज्यांची गाठ सुटेना ती विळ्यानं कापली. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा गल्लीतली सगळी माणसं नाल्यापलीकडच्या चिंचेखाली बसलेली होती. गुरं मोकळी हिंडत होती. माझी लेक, सातवीतली, माझ्या सासूचा हात घट्ट धरून उभी होती. सासू तो हात सोडवायला बघत होती.

"सोड वं मले. तुरीचं पोतं राह्यलं आत."

"राहू दे आजी," लेक रडत म्हणत होती, पण हात सोडत नव्हती.

तालुक्याहून पाण्याची गाडी आली तेव्हा विझवायला फारसं काही उरलेलं नव्हतं. माणूस एकही गेलं नाही, जनावर एकही गेलं नाही. बाकी सगळं गेलं. तूर गेली, हरभरा गेला, भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस गेला, पांघरुणं, कपडे, देव्हारा. आमचा दगडी पाटा तेवढा जागेवर होता, तोही मधोमध तडकलेला.

मुख्याध्यापक सरांनी शाळेच्या दोन खोल्या उघडून दिल्या. बाकं बाजूला सारून आमच्या गल्लीचा मुक्काम तिथं पडला. संध्याकाळ व्हायच्या आत गावानं चादरी आणल्या, बादल्या आणल्या, साड्या आणल्या. आणि जेवण तर एवढं आणलं की ठेवायला जागा पुरेना. प्रत्येक घराला वाटलं आपणच न्यावं. भाकरींची चवड, वरणाचे डबे, कोणाचा तर शिरासुद्धा. मी लेकीला जेवू घातलं, स्वतः चार घास खाल्ले. रडत रडत खाल्ले, पण खाल्ले. दिवसभर उपाशी होते.

सासूनं ताटाला हात लावला नाही.

मी सासूला आत्याबाई म्हणते. आमच्या गावात कोणाचं लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, वाढायला आत्याबाई हव्याच. पदर खोचून, हातात वरणाची बादली घेऊन त्या पंगतीतून फिरायच्या. पत्रावळीकडे न बघता, माणसाच्या तोंडाकडे बघून त्यांना कळायचं की याला अजून पाहिजे पण मागायला लाजतो. सगळे उठल्यावर त्या जेवायच्या, तेही उभ्याउभ्या. बसून, दुसऱ्यानं वाढलेलं जेवताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

"दोन घास तरी खा ना आत्याबाई," मी म्हटलं.

"भूक नाही मले."

"सकाळपासून चहावर आहात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे आगीच्या धुरानं लाल झालेले. "हे आणून देल्लेलं हाय वं माय. कीव करून देल्लेलं. आजवर मी वाढत आली. उद्या यायच्या तोंडाकडं कोण्या डोळ्यानं पाहू?"

मलाही तेच वाटत होतं, पण मी खाल्लं नसतं तर लेकीनंही खाल्लं नसतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. सकाळी पुन्हा ढीगभर भाकरी आल्या. एवढ्या, की दुपारी गाईंना घालाव्या लागल्या. आणि संध्याकाळी काहीच आलं नाही. कोणाची चूक नव्हती. प्रत्येकाला वाटलं, सकाळी एवढं गेलंय, पुरेल. लहान लेकरं रडायला लागली तेव्हा एका बाईनं घाईघाईनं भात टाकला. तो येईपर्यंत आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे न बघता बसून होतो. वाट बघण्याचा तो प्रकार मला उपासापेक्षा अवघड गेला.

हे पोरांनी पाहिलं. त्यांच्याच शाळेत आम्ही राहत होतो, त्यांच्या डोळ्यांपुढंच सगळं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातवीचा वर्ग बाहेर कडुनिंबाखाली बसला होता आणि मी खिडकीच्या आत लुगडी वाळत घालत होते. सगळं ऐकू येत होतं.

एका पोरानं विचारलं, "सर, शाळेची खिचडी यायले देता येत नाही का?"

"ती तुमच्यासाठी येते रे," सर म्हणाले. "तुमच्या तोंडचा घास मला दुसरीकडे देता येत नाही. नियम आहे, आणि तो बरोबरही आहे."

"मंग आम्ही घरून आणतो."

"घरून येतंच आहे की."

"तसं नाही सर." ही मळ्यातली पोरगी बोलत होती. तिचे आई-वडील नाल्याच्या वरच्या अंगाला वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि बाजाराला नेतात. पोरगी अंगानं काटकुळी, पण बोलायला लागली की सगळा वर्ग गप्प. "सगळे एकदम आणून राह्यले म्हणून वाया जाते. गल्ल्या वाटून घेऊ. सकाळी एक गल्ली, संध्याकाळी दुसरी. ज्या गल्लीची पाळी, त्या गल्लीतल्या पोरायनं घराघरातून गोळा करायचं अन् इथं आणायचं. बाकीच्यायनं त्या दिवशी काहीच आणायचं नाही."

वर्गात गलका झाला. कोणाची गल्ली आधी यावरून भांडण जुंपलं. एक पोरगं सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडलं, "आमची पयले! आमच्या मायनं कालच पीठ दळून आणलं!" या पोराचा आवाज गावात प्रसिद्ध आहे, तो वावरातून हाक मारतो तेव्हा घरातली माणसं दचकतात.

मग मळ्यातली पोरगी माझ्या लेकीकडे वळली. "अन् तुही आजी काऊन जेवत नाही वं?"

माझी लेक खाली मान घालून बसली होती. "ती म्हणते, आणून देल्लेलं नाही खात."

"काऊन?" आवाजवाला पोरगा म्हणाला. "आपण काही वाईट थोडी देऊन राह्यलो."

"तेच तं," मळ्यातली म्हणाली. "आपण देऊन राह्यलो. आवतण कोठी देल्लं? आवतण नसतानी कोणी जेवाले जाते का?"

पुढं त्यांचं काय ठरलं ते मला ऐकू आलं नाही, कारण ती सगळी पोरं डोकी एकत्र करून कुजबुजायला लागली आणि सर उठून हळूच आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरं आमच्या खोलीच्या दारात आली. आत आली नाहीत. आवाजवाल्यानं खाकरून सांगितलं, "आजी, काका, काकू, सगळ्यायनं जरा आपल्या घरी चला."

"कोणत्या घरी?" माझा नवरा म्हणाला.

"तुमच्या. गल्लीत."

आम्हाला काही कळेना. पण पोरांचा आग्रह असा की आम्ही निघालो, गल्लीतली सगळी माणसं. आगीनंतर आत्याबाई त्या बाजूला फिरकल्या नव्हत्या. लेकीचा हात धरून त्या चालल्या. राख अजून गरम होती, वास येत होता. प्रत्येकजण आपापल्या घराच्या जागी जाऊन उभा राहिला. आमच्या घराची पुढची भिंत अर्धी उभी होती आणि उंबरा शाबूत होता. आत्याबाई उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या, पाहुणे आल्यावर घरची बाई राहते तशा.

पोरं गल्लीच्या तोंडाशी थांबली होती. मग ती एका रांगेत आत आली. सगळ्यांनी हातपाय धुतलेले, केस बसवलेले. मळ्यातल्या पोरीच्या हातात स्टीलच्या डब्याचं झाकण आणि त्यात हळदीनं पिवळे केलेले तांदूळ. पहिल्या घरापुढं ती थांबली, अक्षता हातावर ठेवल्या, आणि आवाजवाल्यानं हाक दिली. अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी.

"सातव्या वर्गाकडून चूलबंद आवतण हाय हो! लहानथोर सगळ्यायनं जेवाले यायचं!"

चूलबंद आवतण म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. एका घरातून एक माणूस, असं साधं आवतण असतं. चूलबंद म्हणजे सगळं घर, पाहुण्यारावळ्यासकट. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, हा यजमानाचा हक्क. असं आवतण गावातली मोठी घरं देतात, मुलीच्या लग्नात, नाहीतर देवाच्या भंडाऱ्याला. ते नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान.

पोरं आमच्या उंबऱ्यापाशी आली. त्यांच्यात माझी लेक नव्हती. ती कोणीकडे उभं राहावं ते न कळून माझ्या आणि त्यांच्या मध्ये थांबली होती. मळ्यातल्या पोरीनं आत्याबाईंच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि वाकून पाया पडली. हाक पुन्हा घुमली.

आत्याबाईंनी हातातल्या तांदळांकडे पाहिलं. मग मागं वळून, जिथं चूल होती त्या काळ्या ढिगाकडे पाहिलं.

"चूलच नाही राह्यली बाप्पा," त्या म्हणाल्या. "बंद काय करू?"

मला वाटलं पोरं आता गडबडतील. आवाजवाला खरोखर गडबडला, त्यानं मळ्यातल्या पोरीकडे पाहिलं. पण ती शांतपणे म्हणाली, "म्हणूनच तं देऊन राह्यलो आजी. तुमची चूल पेटेस्तोवर हाय हे आवतण. आजच्या दिवसाचं नाही."

आत्याबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला, अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या. "येतो," त्या म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे वळून, नेहमीच्या स्वरात, "चाल वं. पाहुण्यायनं उशीर करू नाही."

पंगत शाळेच्या अंगणात, कडुनिंबाखाली बसली. आवाजवाल्याच्या गल्लीची पाळी होती. भाकरी घराघरातून आलेल्या, त्यामुळे काही परातीएवढ्या, काही तळहाताएवढ्या, काही पांढऱ्याशुभ्र, काही जाड काळपट. मळ्यातून वांगी आली होती, त्यांची तर्रीदार भाजी. फोडणीचं वरण, ठेचा, कांदा. पोरांनी अंगण झाडून पाणी शिंपडलं होतं आणि बसायला वर्गातल्या पट्ट्या अंथरल्या होत्या.

बसायच्या आधी माझी लेक माझ्याजवळ आली. "आई," तिनं हळू विचारलं, "मी कोण्या बाजूनं राहू? घर तं आपलंही जळलं. पण वर्ग माह्या हाय."

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तिनं क्षणभर विचार केला आणि ओढणी कमरेला बांधली. भाकरींची टोपली उचलून ती पंगतीत शिरली. आपल्या आजीच्या पानात तिनं भाकर वाढली. "घ्या आजी," ती म्हणाली, इतरांना म्हणत होती तसंच.

आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. आगीनंतर तीन दिवस नुसत्या चहावर काढून त्यांचा तो पहिला घास. मी त्यांच्या शेजारी बसले होते. माझ्या समोरून माझी पोरगी टोपली घेऊन चालली होती आणि गल्लीतली सगळी माणसं, परवा एकमेकांकडे न बघणारी, आता एकमेकांना आग्रह करत होती. मला इतका अभिमान वाटला की मान वर करायला संकोच वाटावा.

आवतण दिलं खरं, पण ते निभवायचं होतं. आणि दिवस हंगामाचे. गव्हाची सोंगणी, हरभऱ्याची मळणी, बायका पहाटेपासून वावरात. पहिले चार-पाच दिवस उत्साहात गेले. मग गावात कुरबूर सुरू झाली. ते साहजिकच होतं. आमची घरं उभी राहायला वेळ लागत होता आणि दुसऱ्याच्या चुलीवर किती दिवस भार टाकायचा, हे आम्हालाही खात होतं. नवरा आणि गल्लीतले पुरुष दिवसभर राख उपसत, भिंती लिंपत, मिळतील तिथून टिनं आणत.

एकदा दुपारी आवाजवाल्याचे वडील शाळेत आले. मुलाचा आवाज कोणावर गेला ते त्या दिवशी कळलं. "सर, पोरगं शाळेत शिकाले धाडलं का भाकरी वाहाले?" ते अंगणातूनच गरजले. "परीक्षा तोंडावर आली अन् हे टोपल्या घेऊन गावभर हिंडून राह्यलं!"

सर काही बोलायच्या आत पोरगा वर्गातून बाहेर आला. घाबरला होता, पण आला. "बाबा, अभ्यास होऊन राह्यला माह्या. सर घेतात पाढे अन् सगळं." मग आवाज खाली आणून, जो त्याला क्वचितच जमतो, तो म्हणाला, "अन् आवतण मी देल्लं बाबा. मीच ओरडलो होतो. आता मांगं कसं घेऊ?"

आम्ही खोलीत बसून सगळं ऐकत होतो. त्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं नाही, बहुतेक आम्ही ऐकतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. शेवटी "घरी ये लवकर" एवढं म्हणून ते निघून गेले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या गल्लीची पाळी होती. भाजीचा गंज, भलं मोठं पातेलं, खांद्यावर घेऊन ते स्वतः आले, अंगणात ठेवला आणि पोराला म्हणाले, "गरम हाय. लहान्या पोट्ट्यायले उचलू देऊ नको."

मग तो बाजाराचा दिवस. ज्या गल्लीची पाळी, ती अर्धी भाजीवाल्यांची. ती सगळी माणसं पहाटेच माल घेऊन गेलेली आणि उरलेली एका लग्नाला. दुपार झाली तरी टोपल्या रिकाम्या. पोरांनी कोणाला सांगितलं नाही, आम्हाला तर नाहीच. शाळेच्या मागं तीन दगडांची चूल मांडली आणि स्वतःच स्वयंपाकाला बसली. धूर पाहून मी धावत गेले. त्या दिवसांत धूर दिसला की मी हातातलं टाकून पळायचे. बघते तर मळ्यातली पोरगी कढईत बेसन ढवळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन पोरं भाकरी थापत होती. एकीला भोक पडलं होतं, दुसरीचा अर्धा भाग तव्याला चिकटून बसला होता.

"द्या इकडं, मी करते," मी बसायला गेले.

"नाही काकू," मळ्यातल्या पोरीनं हात आडवा केला. "पाहुण्यायनं चुलीपाशी येऊ नाही. तुम्ही बसा. होतेच आता."

मी परत येऊन बसले. त्या दिवशीचं बेसन खारट होतं आणि भाकरी अर्ध्या कच्च्या, अर्ध्या करपलेल्या. आत्याबाईंनी तीन वेळा मागून घेतलं. प्रत्येक वेळी जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वाढ रे पोट्ट्या, हात आखडू नको!" वाढणाऱ्याची छाती फुगलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

पाडव्याच्या आधी घरांवर टिनं चढली. दारं नव्हती, खिडक्यांना पोती लावली होती, पण वर छप्पर होतं. आत्याबाईंनी नाल्यातून माती आणून, मळून, चूल घातली. रोज सकाळी जाऊन ती वाळली का बघायच्या. नवऱ्यानं गॅसची सोय होईल असं सांगितलं. "तो येईल तवा येईल," त्या म्हणाल्या.

पाडव्याला सकाळी चूल पेटली. त्याच्या आदल्या दिवशी पोरं शेवटची गावात फिरली होती. या वेळी शिजलेलं अन्न नव्हतं. प्रत्येक घरातून ज्वारी, गहू, तुरीची डाळ, मीठ-मिरची, ज्याला जे जमेल ते. पाडव्याला ते बैलगाडीतून आमच्या गल्लीत आलं. पोरांनी स्वतः पोती उतरवली, घराघरात ठेवली. प्रत्येक घरात थोडं मागं उभं राहून ती चुलीकडे बघत होती. आपलं आवतण आता संपलं, याची खात्री करून घेत असावीत. आत्याबाईंनी आवाजवाल्याला हाताला धरून खाली बसवलं, मग बाकीच्यांना. "आज मी वाढीन," त्या म्हणाल्या. तव्यावरून उतरलेली गरम भाकर, वर गूळ आणि तुपाची धार. पोरं फुंकर मारत खात होती, बोटं पोळत होती. आत्याबाई तोंडाकडे बघून वाढत होत्या.

याला आता काही वर्षं झाली. माझी लेक वरवट बकालला सायकलनं हायस्कूलला गेली, दहावी झाली, आता बुलढाण्याला वसतिगृहात राहून अकरावी करते. मळ्यातली पोरगी शेतीच्या शिक्षणाला जायचं म्हणते. आवाजवाला वडिलांबरोबर वावर बघतो आणि भंडाऱ्याला आवतण द्यायला गाव त्यालाच पाठवतं. गावच्या शाळेत दर वर्षी नवा सातवा वर्ग येतो आणि आपोआप ते काम हातात घेतो. एका बाळंतिणीच्या घरी करणारं कोणी नव्हतं, तिथं पोरांनी डबे पोचवले. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीचा रस्ता पावसानं तुटला, तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून धान्य गेलं. आमच्या गल्लीतून गेलेलं पोतं सगळ्यात जड होतं, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

आत्याबाई हल्ली फार हिंडत नाहीत, पण ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ती हकिकत सांगतात. त्यांच्या सांगण्यात पोरांचा आकडा दर वर्षी वाढतो आणि वाजंत्रीही आली आहे. मी दुरुस्त करत नाही.

दिवाळीला लेक घरी आली होती. तिच्या केसांना तेल लावताना मी तिला एकदा विचारलंच. ती पहिली पंगत, आपलंच घर जळालेलं, आपलीच माणसं पानावर बसलेली. तेव्हा तिला काही वाटलं होतं का? लाज, वाईट, काही?

ती मोबाइलमध्ये बघत होती, तिथूनच म्हणाली, "लाज कायची? मले तं एकच भेव होतं, भाकरी पुरतील का नाही."

"मग?"

"पुरल्या. आमच्यासाठीही उरल्या," ती म्हणाली. "जोरात नको ओढू ना आई, केस तुटतात."